वाचकांचे प्रश्न : युरोपच्या टाक्या, नागपूरचा कूलर

मागच्या अंकात युरोपीय आयोगाच्या २० मार्च २०२४ च्या निवेदनाची ओळख करून दिली होती. जिवंत पेशींना कामाला लावून औषधं, एन्झाइम, प्लास्टिक, रसायनं बनवायची, म्हणजे बायोमॅन्युफॅक्चरिंग. या उद्योगाला युरोपात बळ कसं द्यायचं, याचा तो आराखडा होता : नियम सुटसुटीत करणं, भांडवल उभं करणं, प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट छोटी करणं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. ‘युरोपात नोकरी मिळेल का’ एवढंच विचारणाऱ्यांना वेगळं कळवलं आहे.

युरोपकडे विद्यापीठं आहेत, पैसा आहे, शंभर वर्षांचा रसायन उद्योग आहे. मग स्पर्धेत मागे पडतोय अशी ओरड कशासाठी? (निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ)

विज्ञानात युरोप मागे नाही. डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क यीस्टकडून इन्सुलिन बनवून घेते. नोव्होझाइम्स आणि ख्रिश्चन हॅन्सन या दोन डॅनिश कंपन्या जानेवारी २०२४ मध्ये एकत्र येऊन नोव्होनेसिस झाली, आणि एन्झाइमच्या धंद्यात तिच्याकडे बघूनच बाकीचे चालतात. गाडी अडते ती शोध लागल्यानंतर.

पहिली अडचण ऊर्जेची. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की युरोपीय कंपन्यांना अमेरिकेच्या मानाने वीज दोन ते तीन पट आणि नैसर्गिक वायू चार ते पाच पट महाग पडतो. फर्मेंटरचा, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीचा, ढवळणारा पंखा रात्रंदिवस फिरतो, हवा दाबून आत सोडावी लागते, वाफेशिवाय निर्जंतुकीकरण होत नाही. त्यामुळे हे बिल सरळ मालाच्या किमतीवर चढतं.

दुसरी साखरेची. सूक्ष्मजीवांचं जेवण म्हणजे साखर, आणि ती जिथे स्वस्त तिथे टाकी बसते. नेदरलँड्सची कॉर्बियन आणि फ्रान्सची टोटल यांनी मिळून साखरेपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकचा वर्षाला ७५ हजार टनांचा कारखाना उभारला, तो २०१८ साली सुरू झाला थायलंडमध्ये, रायोंगला, उसाच्या साखरेच्या शेजारी. डोकं युरोपचं, टाकी आशियाची.

तिसरी परवानग्यांची, आणि आमच्या मते सगळ्यांत महाग तीच. फिनलंडच्या सोलर फूड्सने हायड्रोजनवर वाढणाऱ्या जिवाणूंपासून प्रथिनांची पूड बनवली. कारखाना हेलसिंकीजवळ व्हान्टा इथे, पण खाण्याची पहिली परवानगी २०२२ साली सिंगापूरने दिली. युरोपात नव्या अन्नपदार्थांचा २०१५ चा नियम आहे. त्यात अन्नसुरक्षा संस्थेला मत देण्यासाठी नऊ महिने आणि त्यानंतर आयोगाला मसुदा मांडण्यासाठी सात महिने. कागदावर ठीक. पण संस्थेने जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं. नवख्या कंपनीचे पगार मात्र थांबत नाहीत. पिकांच्या बाबतीत तर जुलै २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने जनुक-संपादित वाणही जुन्या जीएम (जनुक-बदल) कायद्याखालीच धरले. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१२ मध्येच, जर्मन रसायन कंपनी बीएएसएफने पीक-जैवतंत्रज्ञानाचं मुख्यालय जर्मनीतल्या लिम्बुर्गरहोफहून अमेरिकेत रॅली शहरात हलवलं होतं.

बंद टाकीत राहणाऱ्या जनुक-बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी २००९ चा वेगळा नियम आहे. तो त्या मानाने वाजवी आहे. म्हणूनच युरोपचा एन्झाइम आणि औषधांचा धंदा टिकला, आणि अन्न व पिकांचा अडकला.

आमच्याकडे १० लिटरच्या फर्मेंटरमध्ये बॅच छान येते. १,००० लिटरला गेलो की उत्पादन निम्म्यावर. स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) बदलावा का? (केमिकल इंजिनिअर, हिंगणा एमआयडीसी)

स्ट्रेनला इतक्यात हात लावू नका. युरोपात गेन्ट आणि डेल्फ्ट इथे खास पायलट प्लांट उभे केले आहेत ते याच टप्प्यासाठी. इथेच बहुतेक प्रक्रिया आपटतात, आणि दोष बहुधा जिवाणूचा नसून टाकीचा असतो.

आधी ऑक्सिजन बघा. ३० अंशाच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो तो लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. दाट वाढलेलं कल्चर (रसात वाढणारे सूक्ष्मजीव) लिटरमागे ताशी १०० मिलिमोल, म्हणजे ३.२ ग्रॅम ऑक्सिजन सहज खातं. हिशेब मांडा : हवा बंद पडली तर आठ-नऊ सेकंदांत साठा संपतो. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख २०–३० टक्क्यांखाली जाऊन पडून राहत असेल तर रोग सापडला.

टाकी ऑक्सिजन किती वेगाने पोचवते, हे मोजायला हवा क्षणभर बंद करतात, ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते टिपतात, धोक्याच्या पातळीआधी हवा पुन्हा सोडतात आणि चढता आलेख घेतात. यात दोन फसगती होतात. ही चाचणी बॅचच्या सुरुवातीला, कल्चर पातळ असताना करा. दाट कल्चरमध्ये आठ सेकंदांत काय टिपणार? आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबचं मेम्ब्रेन (पडदा) जुनं असेल तर तो स्वतःच अर्धा मिनिट मागे असतो. मग आकडा टाकीचा नसून प्रोबच्या आळसाचा निघतो. फेस मारायला अँटिफोम ओतला असेल तर तेही लिहून ठेवा. फेस बसतो, पण हवेचे बारीक बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि ऑक्सिजनचं पोचणं घटतं.

मग साखर कुठून पडते ते बघा. छोट्या फर्मेंटरमध्ये थेंब कुठेही पडला तरी काही सेकंदांत मिसळतो. मोठ्या टाकीत पृष्ठभागावर एका नळीतून साखर सोडली तर वरच्या पेशी गोडात बुडतात आणि खालच्या उपाशी राहतात. साखर जास्त झालेलं यीस्ट हवा असतानाही अल्कोहोल करतं, ई. कोलाय ॲसिटेट करतं, आणि दोन्हीकडे तुमचा माल कमी होतो. रसात अल्कोहोल किंवा ॲसिटेट मोजा. सापडलं तर नळी पंख्याच्या पात्यांजवळ न्या आणि साखर सोडण्याचा वेग उतरवा.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रयोगशाळेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला १५–२० मिनिटं. हजार लिटरची टाकी तिथवर तापायला आणि परत निवायला तासन्‌तास घेते. तेवढ्या वेळात साखर आणि नायट्रोजनचा घटक एकत्र शिजून रस तपकिरी होतो, आणि जेवण करपतं. साखर वेगळी निर्जंतुक करा, थंड झाल्यावर मिसळा.

एवढं करूनही पीएच उगाच घसरत असेल तर दुसरं काहीतरी वाढतं आहे. बीज-कल्चरच्या प्रत्येक टप्प्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्लेटवर बघा. घाण लपते ती नळीच्या आंधळ्या फाट्यात. असा फाटा नळीच्या व्यासाच्या दुपटीहून लांब नको. नाहीतर थंड पाण्याच्या कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. कॉइलमधला दाब टाकीपेक्षा जास्त, म्हणून पाणी आत झिरपतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. टाकी रिकामी करून कॉइलला दाब देऊन ठेवा, काटा उतरतो का पाहा.

लेखात थंड करण्याच्या खर्चाचा उल्लेख नव्हता. ४५ डिग्रीच्या नागपुरात असा कारखाना चालेल का? (वाचक, मनीषनगर)

चालेल. मात्र अडचणीचा महिना मे नव्हे, जुलै.

उष्णता येते कुठून? पेशी जितका ऑक्सिजन खातात तितकी उष्णता सोडतात, एका मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल. आधीच्या उत्तरातल्या लिटरमागे ताशी १०० मिलिमोलच्या दराने एक लाख लिटरच्या टाकीतून सुमारे १,२८० किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते. रेफ्रिजरेशनच्या भाषेत ३६० टनांच्या वर. पंख्याच्या मोटारची उष्णता याशिवाय. शिवाय टाकी मोठी झाली की आतला रस घनाच्या हिशेबाने वाढतो आणि भिंत वर्गाच्या. १० लिटरवरून एक लाख लिटरला गेलात तर लिटरमागे भिंतीचा वाटा एकविसाव्या भागावर येतो. टाकीबाहेरचं थंड पाण्याचं जॅकेट पुरत नाही, आत कॉइल घालावीच लागते.

आता कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या की खोली गार, आणि जुलैत तोच कूलर अंग चिकट करण्यापलीकडे काही करत नाही. कारखान्याचा कूलिंग टॉवर म्हणजे मोठा कूलरच. तो पाणी किती गार करणार हे ओल्या थर्मामीटरवर, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर, ठरतं. मेच्या दुपारी पारा ४४ वर असला तरी हवा कोरडी, म्हणून ओला थर्मामीटर २३–२४ दाखवतो. जुलैत पारा ३०, पण ओला २६–२७. टॉवरचं पाणी त्याच्या चार अंश वर धरा : मेमध्ये २७–२८, जुलैत ३०–३१. यीस्टची टाकी ३० अंशावर ठेवायची असेल तर ३१ अंशाचं पाणी काय कामाचं? तिथे चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लागतो, आणि वरच्या उष्णतेसाठी तो २८० किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो.

मे सुटतो असंही नाही, तिथे पाणी जातं. १,२८० किलोवॅट बाष्पीभवनाने घालवायचे तर दिवसाला ४५ हजार लिटर पाणी हवेत उडतं, म्हणजे दहा हजारी टँकर साडेचार. टॉवरमधलं क्षार साचलेलं पाणी सोडून द्यावं लागतं ते वेगळं.

युरोपचा फायदा इथे आहे. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग हे इन्सुलिन आणि एन्झाइमच्या कारखान्यांचं गाव थंड समुद्राच्या काठी आहे. १९७० च्या दशकापासून तिथले कारखाने एकमेकांची वाफ, पाणी आणि उरलंसुरलं वापरतात. यीस्टचा उरलेला गाळ शेतीकडे जातो. आपल्याकडे समुद्र आणता येणार नाही, पण सूक्ष्मजीव निवडता येतो. लॅक्टिक ॲसिड देणारा बॅसिलस कोॲग्युलन्स ५० अंशाच्या वर खुशाल वाढतो. क्लायव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट ४० च्या पुढेही काम करतं. ५० अंशाच्या टाकीला जुलैतलं ३१ अंशाचं पाणीही थंडगार. नागपुरात कारखाना काढणाऱ्याने जीव निवडतानाच कूलिंगचं बिल ठरतं, हे आधी लक्षात घ्यावं.

युरोपात गव्हाच्या काडापासून इथेनॉल करतात म्हणे. मग आमच्या धानाच्या तणसापासून का नाही? (राइस मिलधारक, भंडारा)

युरोपात करून पाहिलं. क्लॅरियंट या स्विस रसायन कंपनीने रुमानियातल्या पोदारी इथे वर्षाला अडीच लाख टन काडापासून ५० हजार टन इथेनॉल असा कारखाना बांधला, २०२१ साली तयार झाला. तो ठरल्या क्षमतेवर चालेना आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. भारतात इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला : दोन लाख टन तणस, तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट.

या कारखान्यांचं कपाळ आपटतं ते बहुधा जनुकांवर नव्हे, गठ्ठ्यांवर. काडाबरोबर माती, खडे, सुतळी येते आणि कटरची पाती जातात. तणसात तर सिलिका भरपूर, राख पंधरा टक्क्यांच्या घरात. स्क्रू आणि व्हॉल्व्ह सँडपेपरने घासल्यासारखे झिजतात. शिवाय तणस येतो दीड-दोन महिन्यांत आणि कारखाना चालायचा वर्षभर. म्हणजे बाकीच्या महिन्यांचा साठा कोरडा ठेवायचा आणि आगीपासून सांभाळायचा. मिलधारकाला तणसापेक्षा कोंडा, म्हणजे धानाचं टरफल, सोयीचा : तो एका जागी, चाळलेला, बारा महिने मिळतो. सुरुवात तिथून करा, पण बॉयलरमध्ये जाळून आज किती पैसे सुटतात ते आधी मांडा. त्याला मात देणारं उत्पादन सहज सापडत नाही.

संत्र्याच्या साली आणि आंबिया बहाराची गळ आमच्या इथं नुसती सडून राहिली. युरोपवाले सालीचं सोनं करतात, आपण काहून नाही? (शेतकरी, काटोल)

डेन्मार्कात संत्र्याचं एक झाड नाही, तरी पेक्टिनचा (जॅम घट्ट करणाऱ्या, सालीतल्या पदार्थाचा) एक बलाढ्य कारखाना तिथे लिले स्केन्सवेड गावी आहे. लिंबूवर्गीय फळांच्या वाळवलेल्या साली तो मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून मागवतो. यातला ‘वाळवलेल्या’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

ओल्या सालीत सुमारे ८० टक्के पाणी. एक टन वाळली साल हवी तर निदान साडेचार टन ओली लागते. आणि घाई करावी लागते. सालीतच असलेलं एन्झाइम पेक्टिनची मोडतोड सुरू करतं, म्हणून रस काढल्याच्या दिवशीच साल चिरायची, ९० अंशाच्या वर उकळपाणी द्यायचं, साखर निघेपर्यंत धुवायची, दाबून पाणी काढायचं आणि दहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायची. धुण्यात कसर राहिली तर वाळवताना साल काळी पडते आणि भाव पडतो. उन्हात वाळवणं स्वस्त आहे, पण बुरशीचा एक ठिपका गठ्ठा नापास करतो.

नागपुरी संत्र्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याची साल पातळ आणि सुटी, पेक्टिनमध्ये ती कागदी लिंबाच्या सालीला गाठत नाही. त्यातून आपलं फळ ताजं विकलं जातं, म्हणजे साल कळमना बाजारातून घराघरांत पांगते. एका जागी टनाने साल मिळेल ती फक्त रस काढणाऱ्या युनिटजवळ. तिथे आधी सालीतलं तेल काढा, कारण त्यात ९० टक्क्यांवर लिमोनीन असतं आणि ते विकलं जातं. शिवाय तेल काढल्याशिवाय पुढचं काही होत नाही : आंबवायच्या रसात लिमोनीन ०.०५ ते ०.१ टक्का झालं की यीस्ट मान टाकतं, आणि गोबर गॅसच्या टाकीतले जिवाणूही. साली थेट डायजेस्टरमध्ये टाकून गॅस बंद पडतो तो यामुळेच.

गळीच्या फळांना पेक्टिनच्या वाटेला लावू नका. बुरशीने ते आधीच खाल्लेलं असतं. गोळा करून, शेण आणि सुक्या काडीबरोबर थर देऊन खत करा. जमिनीवर पडू दिली तर पुढच्या बहारालाही तीच बुरशी.

‘बायो’ लिहिलेले कप आणि पिशव्या खरंच मातीत मिसळतात का? (शिक्षिका, नंदनवन)

‘बायो’ म्हणजे मूळ वनस्पतीचं, आणि ‘कंपोस्टेबल’ म्हणजे कुजणारं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनस्पतीपासून बनलेलं पॉलिथिन अजिबात कुजत नाही. कार्बन-१४ ची चाचणी माल वनस्पतीचा आहे का एवढंच सांगते. कुजण्यासाठी युरोपात ईएन १३४३२ हे मानक आहे, आपल्याकडे आयएस १७०८८. त्या मानकाच्या चाचणीत माल कंपोस्टच्या उष्णतेत, सुमारे ५८ अंशाला, ठेवतात. पीएलएचा कप तिथे कुजतो. भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात किंवा तुमच्या कुंडीत वर्षभर तसाच राहू शकतो.

आणि हिरवेपणाचा हिशेब कारखान्यातही बघावा लागतो. पीएलएसाठी लागणारं लॅक्टिक ॲसिड जुन्या पद्धतीने बनवताना आंबटपणा मारायला चुना घालतात, मग गंधकाम्ल. टनभर ॲसिडमागे जवळपास टनभर जिप्सम हाती येतो. तो कुठे टाकला, हे पिशवीवर कुणी छापत नाही.

बुटीबोरीत आम्ही कापडाची कांजी काढण्यासाठी अमायलेज बनवतो. पोर्तुगालहून विचारणा आहे. काय तयारी ठेवावी? (लघुउद्योजक)

युरोप आयात मालावर लावतो त्या कार्बन सीमाशुल्काची भीती सोडा. ते सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खत, वीज आणि हायड्रोजनवर आहे, एन्झाइमवर नाही. तुम्हाला गाठ पडेल ती रीच या युरोपच्या रसायन-नोंदणी कायद्याशी. एका आयातदाराकडे वर्षाला एक टनापेक्षा कमी एन्झाइम जात असेल तर नोंदणी नाही. इथे वजन मोजायचं ते पाणी आणि पातळ करायला घातलेले पदार्थ वगळून. म्हणजे दहा टन द्रव मालातही ते एक टनाच्या आत बसू शकतं. त्यापुढे गेलात तर युरोपातला ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमून त्याच्या नावे नोंदणी करता येते. ती ग्राहकावर ढकलली तर ऑर्डर बहुधा जाते.

अमायलेज श्वासातून ॲलर्जी करणारं म्हणून वर्गीकृत आहे, लेबलवर एच ३३४ हे विधान हवंच. म्हणून पूड नको, द्रव किंवा लेप दिलेले दाणे पाठवा. सेफ्टी डेटा शीट पोर्तुगीजमध्ये लागते, इंग्रजी चालत नाही. स्ट्रेन जनुक-बदल केलेला असेल तर मालात एकही जिवंत पेशी राहता कामा नये, नाहीतर तो थेट जीएम कायद्याखाली जातो. प्रत्येक बॅच शेवटच्या गाळणीनंतर प्लेटवर लावून अहवाल जोडा. आपल्याकडची संस्थास्तरीय जैवसुरक्षा समितीची आणि आरसीजीएमची (जनुक-बदलाची तपासणी करणारी केंद्रीय समिती) कागदपत्रंही ग्राहक मागेल.

भांडण होतं ते मात्र युनिटवरून. तुमची क्रियाशीलता एका तापमानाला आणि पीएचला मोजलेली, त्यांची दुसऱ्याला. तोच डबा इथे ‘पास’ आणि तिथे ‘२० टक्के कमी’. करारात मोजण्याची पद्धत, तापमान, पीएच आणि स्टार्चचा प्रकार लिहून घ्या. पहिल्या खेपेआधी एकाच बाटलीतले दोन नमुने दोन्हीकडे तपासा. कंटेनर उन्हात तापतो, हे धरून दहा टक्के जास्त भरा. आणि राखून ठेवलेला नमुना फ्रीजमध्ये न ठेवता गोडाऊनच्या पत्र्याखाली ठेवून महिन्याने मोजा, म्हणजे पोर्तुगालला पोचेपर्यंत मालाचं काय होईल ते इथेच कळेल.